हिंवतापाचा थेंब आणि रेणूंची घडी
(नभोवाणीवरील भाषण)

श्रोतेहो, आजच्या भाषणाचा विषय प्रयोगशाळेंतला आहे; पण त्याची सुरुवात मी एका ओसरीवरून करणार आहें.

परभणी जिल्ह्यांत, गोदावरीच्या खोऱ्यांत, सोनपेठ म्हणून एक गांव आहे. तेथें माझें आजोळ. १९७६ सालीं पावसाळा सरतांना मी तेथें होतों आणि एके सकाळीं मला हिंव भरलें. आजीनें अंगावर एकावर एक तीन वाकळा घातल्या, तरी दांतांवर दांत वाजावयाचे थांबेनात. दुपारीं अंग भट्टीसारखें तापलें, संध्याकाळीं घामानें अंथरूण भिजलें, आणि दुसऱ्या दिवशीं मी अंगणांत खेळूं लागलों. तिसऱ्या दिवशीं पुन्हां तीच गत. त्या आठवड्यांत मलेरियावाला आला. हा मनुष्य पंधरवड्यानें फेरी करी आणि दाराशेजारच्या भिंतीवर रंगविलेल्या चौकटींत आपल्या येण्याची तारीख लिहून जाई. त्यानें माझ्या बोटाला सुई टोंचली, कांचेच्या पट्टीवर रक्ताचा थेंब पसरला, पट्टी कागदांत गुंडाळून पिशवींत ठेवली, आणि क्लोरोक्विनच्या कडू गोळ्या आजीच्या हातावर दिल्या. पट्टी तपासणीसाठीं पुढें गेली. तिचें उत्तर महिन्यानंतर आलें. तोंवर ताप उतरला होता आणि मी शाळेसाठीं आपल्या गांवीं परतलों होतों. हा हिंवताप कोणत्या जातीचा, आणि त्याचें मूळ काढण्यासाठीं दुसरें कोणतें औषध द्यावयास हवें, हें त्या कागदावर होतें; परंतु कागद आला तेव्हां रोगी तेथें नव्हता. पुढल्या उन्हाळ्यांत तो ताप माझ्यावर पुन्हां उलटला.

यांत कोणा एका माणसाचा दोष होता असें मी म्हणत नाहीं. बोटावरचा थेंब आणि त्याचें उत्तर यांच्यामध्यें जें अंतर होतें, तें त्या काळीं तितकें होतेंच. रोगाच्या परीक्षेचा सारा इतिहास म्हणजे हें अंतर कमी करीत आणण्याचा इतिहास होय. या इतिहासांतील अगदीं अलीकडचें प्रकरण, म्हणजे डी. एन. ए. च्या रेणूची घडी घालून त्याचें रोग ओळखणारें उपकरण करणें, आज मला आपल्यापुढें मांडावयाचें आहे. त्याचा आणि सोनपेठच्या त्या ओसरीचा संबंध काय, हें ओघानें येईलच.

हिंवताप आपल्या पूर्वजांना अपरिचित नव्हता. एक दिवसाआड येणारा तो तृतीयक, दोन दिवस सोडून येणारा तो चातुर्थक, अशीं नांवें आयुर्वेदानें विषमज्वराच्या प्रकारांना देऊन ठेविलीं आहेत. तापाच्या पाळ्या मोजून त्याची जात ठरवावयाची, ही रोगपरीक्षेची पहिली पायरी. युरोपांतहि याहून अधिक कांहीं नव्हतें. ‘मलेरिया’ या इटालियन शब्दाचा अर्थच मुळीं ‘वाईट हवा’ असा आहे. दलदलीवरची हवा अंगांत शिरून ताप येतो, अशी तेथील समजूत होती. १८८० सालीं अल्जीरियांतील कॉन्स्टन्टाइन येथें लाव्हरां नांवाच्या फ्रेंच लष्करी डॉक्टरानें सैनिकांच्या ताज्या रक्तांत हालचाल करणारे जंतु पाहिले, आणि त्या समजुतीला पहिला धक्का दिला.

दुसरा धक्का आपल्या जवळच बसला. परभणी जिल्हा त्या काळीं निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होता, आणि १९४८ पर्यंत तेथेंच राहिला. त्याच संस्थानांतील सिकंदराबादच्या इंग्रजी छावणींत रोनाल्ड रॉस हे लष्करी डॉक्टर होते. यांचा जन्म १८५७ सालीं अल्मोडा येथें झालेला. हिंवतापाचा जंतु डांसाच्या पोटांत वाढत असावा, या पॅट्रिक मॅन्सन यांच्या तर्कानें त्यांना झपाटलें होतें. हुसेन खान नांवाच्या हिंवतापाच्या रोग्याला त्यांनीं डांस चावून घेण्यासाठीं दर डांसामागें एक आणा दिला. मग रोज कांहीं डांस उकलून त्यांच्या जठराच्या भिंती ते सूक्ष्मदर्शकाखालीं तपाशीत. ऑगस्टचा उकाडा, पण पंखा चालविला तर डांस उडून जातील म्हणून पंखा बंद. कपाळावरच्या घामानें सूक्ष्मदर्शकाचे स्क्रू गंजले होते. १८९७ च्या ऑगस्टच्या २० तारखेस पंखांवर ठिपके असलेल्या जातीच्या एका डांसाच्या जठरांत त्यांना काळ्या कणांनीं भरलेल्या गोल पेशी दिसल्या. दुसऱ्या दिवशीं उरलेल्या डांसांत त्याच पेशी अधिक मोठ्या झालेल्या आढळल्या. शत्रूचें घर सांपडलें. पुढल्या वर्षीं कलकत्त्यास पक्ष्यांच्या हिंवतापावर प्रयोग करून रॉस यांनीं डांसाच्या दंशापर्यंतचा मार्ग पुरा केला, आणि १९०२ सालीं त्यांना नोबेल पारितोषिक मिळालें. बेगमपेठेची ती वास्तु अजून जतन केलेली आहे.

येथून पुढें हिंवताप ओळखावयाचा तो डोळ्यानें. रक्ताचा थेंब पसरावयाचा, गीम्सा यांनीं १९०४ च्या सुमारास सिद्ध केलेल्या रंगानें रंगवावयाचा, आणि शेंकडों पेशींमधून जंतु हुडकावयाचा. ही रीत इतकी भरंवशाची कीं तिला अद्यापहि परीक्षेची कसोटी मानतात. पण तिला सूक्ष्मदर्शक लागतो, रंग लागतो, आणि सर्वांत दुर्मिळ वस्तु म्हणजे शिकलेला, न थकणारा डोळा लागतो. स्वातंत्र्याच्या वेळीं देशांत दरसाल साडेसात कोटि लोकांना हिंवताप येई व ८ लक्ष दगावत, असा अंदाज होता. १९५३ सालीं राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, डी. डी. टी. ची फवारणी घरोघर झाली, आणि १९६५ पर्यंत रोग्यांची संख्या लाखाच्या घरांत उतरली. रोग गेलाच, असें पुष्कळांस वाटलें. तो गेला नव्हता. १९७६ सालीं रोग्यांची नोंद ६४ लाखांवर गेली. सोनपेठच्या ओसरीवर कुडकुडणारा मी त्या ६४ लाखांपैकीं एक. इतक्या पट्ट्या पाहावयाच्या म्हटल्यावर उत्तराला महिना लागला, यांत नवल तें काय?

मागाहून, १९९० नंतरच्या दशकांत, कागदाच्या पट्टीवरील झटपट परीक्षा आली. घातक जातीचा हिंवतापाचा जंतु रक्तांत एक विशिष्ट प्रथिन सोडतो. त्याला धरून ठेवणारीं प्रतिद्रव्यें पट्टीवर लावलेलीं असतात. थेंब टाकला, पंधरा-वीस मिनिटें थांबलें, कीं रेघ उमटते किंवा उमटत नाहीं. खेड्यांतील आशा कार्यकर्ती ही परीक्षा ओसरीवरच करूं शकते. महिन्याचें अंतर घटकेवर आलें! परंतु शत्रूहि स्वस्थ बसत नाहीं. २०१० सालीं पेरू देशांतून असे जंतु उजेडांत आले कीं ज्यांच्यांत तें प्रथिन निर्माण करणारें जनुकच गळालेलें होतें. पुढें आफ्रिकेंत इरिट्रियासारख्या देशांत तर त्यांचें प्रमाण काळजी वाटावी इतकें आढळलें. असा जंतु अंगांत असूनहि पट्टी कोरी राहते, आणि रोग्याला ‘तुला हिंवताप नाहीं’ असें सांगून घरीं पाठविलें जातें. उशीरा आलेलें उत्तर वाईट खरें. पण लवकर आलेलें चुकीचें उत्तर त्याहून वाईट. म्हणून जंतूची दुसरी एखादी खूण धरणारें, उन्हाळ्यानें न बिघडणारें आणि अगदीं थोड्या मात्रेवर उत्तर देणारें साधन हवें झालें. या शोधांत ज्या अनेक वाटा निघाल्या, त्यांतील एक आपल्याला रेणूच्या घडीकडे घेऊन जाते.

१९५३ सालीं वॉटसन आणि क्रिक यांनीं डी. एन. ए. चा दुपेडी जिना जगापुढें मांडला. आनुवंशिकतेचा लेख ज्यावर लिहिलेला आहे तो हा धागा. त्याची जाडी अवघी दोन नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा पांच लाखांवा हिस्सा. त्यावर चार प्रकारचे मणी ओवलेले असतात, आणि त्यांच्या जोड्या ठरलेल्या आहेत: पहिल्या प्रकाराचा मणी दुसऱ्यालाच धरतो, तिसरा चौथ्यालाच. यामुळें एका पेडावरील मण्यांचा क्रम ठाऊक असला म्हणजे त्याला नेमका चिकटणारा दुसरा पेड कसा असावा, हें आधींच सांगतां येतें. निसर्ग या गुणाचा उपयोग लेखाची नक्कल करण्यासाठीं करतो. तोच गुण बांधकामासाठीं वापरावा, ही कल्पना अमेरिकेंतील नेड सीमन या स्फटिकशास्त्रज्ञाची.

प्रथिनांचे स्फटिक हट्टानें होत नाहींत, या अडचणीनें ते गांजले होते. १९८० सालच्या शरदृतूंत विद्यापीठाच्या उपहारगृहांत बसले असतां त्यांना डच चित्रकार एशर याचें एक चित्र आठवलें. त्यांत सारख्या आकाराचे मासे तिन्ही दिशांना रांगेनें पोहत दूरवर गेलेले आहेत. एकेका माशाच्या जागीं डी. एन. ए. चा सहा फांट्यांचा सांधा कल्पिला, तर असाच नियमित सांगाडा रेणूंचा उभारतां येईल, आणि प्रथिनें त्यांत टांगून ठेवतां येतील! १९८२ सालीं त्यांनीं हा विचार छापला. १९९१ सालीं त्यांच्या प्रयोगशाळेंत डी. एन. ए. चा घन तयार झाला. पुष्कळ वर्षें लोकांनीं याकडे बुद्धीचा खेळ म्हणून पाहिलें. सीमन २०२१ सालीं निवर्तले, तेव्हां त्या खेळाचें एक शास्त्र झालेलें होतें.

खेळाचें शास्त्र होण्यास मोठा हातभार लावला तो कॅलिफोर्नियांतील पॉल रॉथमंड यांनीं. २००६ च्या मार्चमध्यें त्यांनीं जी रीत प्रसिद्ध केली, ती समजावून घ्यावयास आपल्या घरांतील वाकळेइतकें चांगलें उदाहरण मला दुसरें सांपडत नाहीं. जुनें लुगडें घ्यावें, मागें-पुढें घड्या घालाव्या, आणि त्या सुटूं नयेत म्हणून लहान लहान टांके घालीत जावें, ही वाकळेची रीत. रॉथमंड यांचें लुगडें म्हणजे एका विषाणूचा एकपेडी धागा. हा विषाणू फक्त जंतूंना ग्रासतो, मनुष्याला नव्हे. त्याचें नांव एम-१३. त्या धाग्यांत ७२४९ मणी. ताणून धरला तर त्याची लांबी सुमारें अडीच सहस्रांश मिलिमीटर होईल. टांके म्हणजे दोनशेंहून अधिक आंखूड पेड. प्रत्येक टांक्याचा एक भाग धाग्याच्या एका जागेशीं जुळतो, दुसरा भाग दूरच्या दुसऱ्या जागेशीं. त्यामुळें तो त्या दोन जागांना ओढून जवळ आणतो. हें सर्व खारट पाण्यांत एकत्र करावयाचें, उकळीच्या जवळ तापवावयाचें, आणि हळूहळू निवूं द्यावयाचें. सुमारें दोन तासांत धागा आपोआप घडी होऊन बसतो. वाकळेला आजीचा हात लागे. येथें शिवणारा हात नाहीं. प्रत्येक टांक्याला आपली जागा ठाऊक असते.

अशा रीतीनें रॉथमंड यांनीं चौकोन केले, त्रिकोण केले, पंचकोनी तारा केला, आणि हसरा चेहराहि केला. प्रत्येक आकृति शंभर नॅनोमीटरांच्या आसपास. रक्तांतील एका तांबड्या पेशीच्या रुंदींत अशा सत्तर-पंचाहत्तर आकृति ओळीनें बसतील. आणि एका थेंबांत त्या अब्जावधि तयार होतात. कागदाच्या घड्या घालण्याच्या जपानी कलेवरून या रीतीला ‘डी. एन. ए. ओरिगामी’ असें नांव पडलें. आंखूड पेड हवे तसे रसायनशाळेंत बनवितां येतात, म्हणून हें शक्य झालें. त्या विद्येच्या आद्य आचार्यांत पंजाबांतील रायपूर या खेड्यांत जन्मलेले हरगोविंद खोराना हे होते, आणि १९७० सालीं त्यांच्या मंडळीनें एक संपूर्ण जनुक हातानें घडवून दाखविलें होतें, हें आपण विसरूं नये.

आतां कोणी विचारील, हसरा चेहरा काढून रोग कसा ओळखावयाचा? प्रश्न रास्त आहे. रोग ओळखणाऱ्या कोणत्याहि संवेदकाला दोन कामें करावीं लागतात. एक, हजारों पदार्थांच्या गर्दींतून हवा तोच रेणू धरणें. आणि दुसरें, तो धरल्याची वर्दी माणसाच्या डोळ्याला किंवा यंत्राला देणें. या दोन कामांमध्यें जागेचा प्रश्न असतो. धरणारे हात एकमेकांत गुंतले, आडवे पडले, फार दाट किंवा फार विरळ झाले, कीं वर्दी चुकते. घडीच्या रेणूची खरी करामत येथें आहे. त्याच्यावरील प्रत्येक टांक्याला ठरलेली जागा असल्यामुळें हवा तो हात, हवा तो दिवा, हव्या त्या ठिकाणीं, कांहीं नॅनोमीटरांच्या अचूकतेनें बसवितां येतो.

हें ध्यानांत येतांच पुढील शोध भराभर झाले. २००८ सालीं ॲरिझोनांत हाओ यान यांच्या मंडळीनें घडीच्या फरशीवर धरणारे पेड बसवून पेशींतील आर. एन. ए. ओळखून दाखविला. २००९ सालीं डेन्मार्कमधील आर्हूस येथें झांकण असलेली डी. एन. ए. ची पेटी झाली. बाहेरून तीस-चाळीस नॅनोमीटरांची. तिला कुलूपहि डी. एन. ए. चेंच, जुळणारा पेड किल्लीसारखा आला कीं झांकण उघडे, आणि झांकणावरील दोन रंगद्रव्यें एकमेकांपासून दूर गेल्यामुळें प्रकाशाचा रंग बदले. २०१२ सालीं हार्वर्ड येथें डग्लस, बॅशले व चर्च यांनीं दोन कुलुपांचें पिंप केलें. पेशीवर दोन्ही खुणा एकदम असल्या तरच तें उघडे. शांघायमध्यें चुनहाई फान यांनीं चार टोंकांचा लहानसा डी. एन. ए. मनोरा सोन्याच्या विद्युदग्रावर तीन पायांनीं उभा केला; चौथ्या टोंकावरचा धरणारा हात त्यामुळें ताठ राहिला, आणि फार थोड्या मात्रेंतील रेणूहि विजेच्या मापांत नोंदला जाऊं लागला. आणि २०१२ सालींच जर्मनींत फिलिप टिनेफेल्ड यांनीं घडीच्या खांबावर सोन्याचे दोन कण बसविले. त्या कणांमधील फटींत ठेवलेल्या रंगद्रव्याचा प्रकाश शंभराहून अधिक पटींनीं वाढला. एकट्या रेणूचा दिवा पाहण्यास पूर्वीं खोलीभर यंत्रें लागत. २०२१ सालीं याच मंडळीनें तो साध्या मोबाइल फोनच्या कॅमेऱ्यानें टिपून दाखविला. ज्याचा शोध घ्यावयाचा तो पदार्थ होता औषधांना न जुमानणाऱ्या एका जंतूच्या जनुकाचा तुकडा.

या प्रकरणांत आपल्या देशाचा वाटा कोणता? श्रोतेहो, तो लहान नाहीं, आणि त्याचें एक मूळ मुंबईंत आहे. होमी भाभा यांनीं १९४५ सालीं स्थापिलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत १९६२ सालीं ओबेद सिद्दिकी यांनीं रेणवीय जीवशास्त्राचा विभाग उभारला. पुढें त्यांच्याच प्रयत्नानें या संस्थेचें जीवविज्ञानाचें राष्ट्रीय केंद्र बंगळुरास निघालें. त्या केंद्रांत यमुना कृष्णन यांनीं २००९ सालीं डी. एन. ए. चा एक चिमटा तयार केला. पाणी आम्ल झालें कीं या चिमट्याच्या दोन भुजा एकमेकींत घडी होऊन मिटतात. आम्लता गेली कीं उघडतात. भुजांवर दोन रंगद्रव्यें बसविलेलीं. मिटल्यावर एकाचा प्रकाश दुसऱ्याला मिळतो आणि रंग पालटतो. पेशींत शिरलेल्या पिशव्या आंत जातां जातां अधिकाधिक आम्ल कशा होतात, हें या चिमट्यानें जिवंत पेशींत मोजलें. या कामांत कृष्णन यांच्यासमवेत असलेले सत्यजित मेयर हे पवईच्या आय. आय. टी. मध्यें रसायनशास्त्र शिकलेले. दोन वर्षांनीं तोच चिमटा एका सूक्ष्म कृमीच्या अंगांत सोडण्यांत आला. त्या प्रयोगांतील सहकारी संध्या कौशिका पुढें मुंबईच्या टाटा संस्थेंतच काम करूं लागल्या. कृष्णन यांना २०१३ सालीं भटनागर पारितोषिक मिळालें. नंतर त्या शिकागो विद्यापीठांत गेल्या. त्यांच्या हाताखालीं तयार झालेले धीरज भाटिया यांनीं गांधीनगरच्या आय. आय. टी. मध्यें ही विद्या रुजविली आहे.

हा चिमटा विषाणूच्या धाग्याची मोठी घडी नव्हे. तो कांहीं थोड्या पेडांचा आहे. पण तत्त्व एकच: घडी होणें हीच वर्दी. परदेशांत पेट्या आणि पिंपें परीक्षानळींत उघडत-मिटत होतीं, त्याच सुमारास आपल्याकडील मंडळीनें डी. एन. ए. चें उपकरण जिवंत पेशींत आणि मग जिवंत प्राण्यांत मापन करतें, हें सिद्ध केलें.

आतां पुन्हां आपल्या हिंवतापाकडे वळूं. हिंवतापाच्या जंतूला आपली शक्ति मिळविण्यासाठीं एक पाचक द्रव्य लागतें. त्यावांचून तो जगूंच शकत नाहीं. म्हणून, पूर्वीं सांगितलेल्या प्रथिनाप्रमाणें, तें टाकून देऊन त्याला चुकवाचुकवी करतां येत नाहीं. हाँगकाँग विद्यापीठांत जूलियन टॅनर यांच्या मंडळीनें हीच खूण धरावयाची ठरविली. प्रतिद्रव्याच्या जागीं त्यांनीं डी. एन. ए. चाच एक आंखूड पेड निवडून काढला. हा पेड आपल्या आपण अशा आकारांत मुडपतो कीं जंतूच्या त्या द्रव्याला कवटाळतो, आणि माणसाच्या रक्तांतील त्याच प्रकारच्या द्रव्याला सोडून देतो. अशा पेडाला अॅप्टॅमर म्हणतात. तो रसायनशाळेंत बनतो. त्यासाठीं प्राणी पाळावे लागत नाहींत. आणि उष्णतेनें उलगडला तरी निवल्यावर पुन्हां आपला आकार धरतो. मराठवाड्याच्या उन्हाळ्यांत या गुणाचें मोल काय, हें मी सांगावयास नको. त्याची बांधणी २०१३ सालीं उलगडली. २०१६ सालीं तो घडीच्या चौकोनावर बसविण्यांत आला, आणि जंतूचें द्रव्य त्याला येऊन चिकटल्याचें अतिसूक्ष्म सुईच्या दर्शकानें पाहण्यांत आलें. २०१८ सालीं तर त्याचें कुलूप केलेली पेटीच तयार झाली: हिंवतापाचें द्रव्य जवळ येतांच ती उघडते. ज्या जंतूला पाहावयास रॉस यांना महिनोन् महिने डोळे फोडावे लागले, त्याच्या नुसत्या चाहुलीनें उघडणारी ही पेटी आहे.

येथें थांबून टाळ्या वाजवाव्या, असा मोह होतो. पण श्रोत्यांशीं प्रामाणिक राहावयाचें तर दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. या पेट्या प्रयोगशाळेच्या बाहेर अद्याप फारशा पडलेल्या नाहींत. हिंवतापाची अशी पेटी कोणत्याहि तालुक्याच्या दवाखान्यांत मिळत नाहीं. रक्तांत डी. एन. ए. चे तुकडे करणारीं द्रव्यें असतात. तीं घडीचे टांके उसवूं शकतात. घडी टिकावयास मॅग्नेशियमचें क्षार योग्य प्रमाणांत लागतात. रक्तांत तें प्रमाण कमी. शेंकडों टांके विकत घेण्याचा खर्च पूर्वींपेक्षां उतरला असला, तरी कागदाच्या पट्टीच्या किंमतीशीं त्याची तुलना अजून होत नाहीं. या अडचणींवर उपायहि निघत आहेत: घडीला संरक्षक लेप देणें, टांके एकमेकांना कायमचे सांधणें, धागा जंतूंकडून मोठ्या प्रमाणावर पिकवून घेणें. यांतील कोणता उपाय बाजारापर्यंत जाईल, तें काळच ठरवील.

आणि एक गोष्ट काळावर सोडण्यासारखी नाहीं. रॉस यांचा शोध १८९७ चा. पण १९७६ सालीं, म्हणजे एकूणऐंशीं वर्षांनंतरहि, त्याच जुन्या संस्थानांतल्या एका गांवीं रक्ताच्या थेंबाचें उत्तर महिन्यानें येत होतें. सिकंदराबादेपासून सोनपेठ तेव्हांहि फार दूर नव्हतें. लांब होता तो शोधापासून ओसरीपर्यंतचा रस्ता. शास्त्रज्ञ रेणूंची घडी घालूं शकतात, टांक्यांना त्यांची जागा शिकवूं शकतात. पण हा रस्ता आपोआप घडी होऊन आंखूड होत नाहीं. तो आंखूड करावयाचा तर शिकलेले हात, वेळेवर पोंचणारा माल, आणि उत्तर वाचून औषध देणारा जागरूक माणूस लागतो. कागदाच्या पट्टीनें हें काम पुष्कळ केलें आहे, आणि भारतांतील हिंवतापाची आंकडेवारी अलीकडच्या वर्षांत झपाट्यानें उतरली आहे, यांत आशा कार्यकर्तीच्या पायांचा वाटा प्रयोगशाळेपेक्षां कमी नाहीं.

माझ्या आजीची एक वाकळ अजून माझ्याजवळ आहे. तिचें कापड विटलें आहे, पण टांके सुटलेले नाहींत. ज्या दिवशीं ती माझ्या अंगावर होती, त्या दिवशीं माझ्या रक्तांत काय होतें, हें आजीला ठाऊक नव्हतें, मलेरियावाल्याला ठाऊक नव्हतें, आणि ज्याला कळलें त्याला माझा पत्ता ठाऊक नव्हता. उद्यां एखाद्या मुलाला सोनपेठेंत हिंव भरेल, तेव्हां त्याच्या बोटावरच्या थेंबाचें उत्तर त्याच ओसरीवर, त्याच्या आजीच्या देखत मिळावें. आणि तें खरें असावें. रेणूंच्या या घड्या ज्या दिवशीं तेवढें करतील, त्या दिवशीं सिकंदराबादेस सुरू झालेलें काम पुरें झालें, असें आपण म्हणूं.